लंडनले तीन स्मरणपत्रं

आमच्या घरी कागदाले जेवढा मान हाये, तेवढा मले असता त मी राणीवानी राह्यली असती. आमचे हे, गुणाकरराव, चौतीस वर्ष मध्यप्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी दफ्तरात बाबू होते. रिटायर झाले, पण भाजीवालीलेबी पावती मागतात.

ही गोष्ट दोन हजार सातची. मी घरी शिवणकाम करत होती. भरवेलीच्या शाळेतल्या मोठ्या बाई, पुष्पलताबाई, यांनी मले तीनशे बॅज भरून मागतले. "जुलैच्या आत पायजेत उमाबाई, नाही त काम दुसऱ्याले देईन." हातानं तीनशे कुठून होतात? भरतकामाची मशीनच पायजे होती. नागपूरले तिचे तीस हजार. तिथं नोकरीले असलेल्या माझ्या पोरानं, संकेतनं, कम्प्युटरवर लंडनचं दुकान शोधलं. अठरा हजार! पिको-फॉल करून दहा वर्षांत जमवलेले पैसे मी त्याच्या हाती ठेवले अन् त्यानं आपल्या कार्डावर मशीन मागवली. पंधरा मार्चले येणार होती.

मार्च सरला. ईमेल केली त उत्तर नाही. संकेत म्हणे, "सोड न आई, बुडाले समज."

माझं डोकंच फिरलं. दहा वर्ष मान मोडून काम केलं, अन् हा म्हणते सोड!

आमच्या ह्यायनं कोरी फाईल काढली. दुकानाचं पान, पैसे भरल्याचा कागद, मशीन पाठवायची तारीख, सगळं संकेतकडून छापून मागवलं. मंग पत्र लिहिलं. अन् तेबी आपल्या दफ्तरी हिंदीत! "महोदय, विषय: कढ़ाई मशीन अप्राप्त होने बाबत।"

"अहो, लंडनात हे कोण वाचन?"

"वाचणं त्यायचं काम. पाठवणं आपलं."

रजिस्ट्री केली. आठ दिवसांनी स्मरणपत्र एक, मंग दोन, मंग तीन. सगळे रजिस्ट्रीनंच. "मशीन येऊन नाही राह्यली अन् तुम्ही टपालखात्याचं पोट भरून राह्यले!" म्हणून मी कडकडून भांडली.

तेवढ्यात संकेतले बँकेत समजलं, की कार्डावर घेतलेला माल आला नाही त बँकेकडं तक्रार करता येते अन् पैसे वापस मिळू शकतात. फॉर्म भरला. तीन हप्त्यांनी उत्तर आलं: दुकानदार म्हणते माल पोचला, गिऱ्हाइकानं आमाले कधी काही कळवलंच नाही.

अग माय! खोटारडा मेला! मी तिथंच रडाले बसली. आता पुष्पलताबाईले कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

त्याच हप्त्यात पोस्टमन आला. लंडनले पाठवलेलं पह्यलं पत्र वापस आलतं, न फोडता. वर इंग्रजीत शिक्का: ह्या पत्त्यावर असं कोणी नाही.

ह्यायनं मले लिफाफ्याले हात लावू देला नाही. तसाच फायलीत लावला, पान नंबर टाकला अन् सकाळच्या बसनं आम्ही दोघं नागपूरले. बँकेतला पोरगा फाईल चाळत गेला. चार पत्रांच्या नकला, चार रजिस्ट्रीच्या पावत्या, सगळं तारीखवार. लिफाफ्यापाशी तो थांबला.

"काकाजी, इतका पुरावा आमाले कोणीच आणून देत नाही," म्हणे.

जूनच्या आठ तारखेले संकेतचा फोन आला. अठराचे अठरा हजार वापस! तेवढ्याच पैशांत नागपूरले वापरलेली मशीन मिळत होती, हे मी आधीच पाहून ठेवलतं. पुष्पलताबाईले फोन केला, धावत जाऊन पेढे आणले. पाहतो त हे फाईल मांडीवर घेऊन गुपचूप बसलेले.

"काहून असे बसले? पैसे आले न!"

"हौ," म्हणे. "उमा, चौतीस वर्ष मी लोकायचे अर्ज पुढं पाठवले. पुढं त्यायचं काय झालं, मले कोणी सांगतलं नाही. शेवटपर्यंत गेलेला हा पह्यलाच पाह्यला."

मी पेढा हातात धरून उभीच राह्यली. इतक्या वर्षांत मी त्यायले एकदाबी विचारलं नव्हतं, की दफ्तरात आज काय झालं म्हणून. लाज वाटली मले. पेढा त्यायच्या तोंडात कोंबला अन् बाजूले बसली.

"सांगा मंग," म्हटलं. "पह्यल्या दिवसापासून सांगा."