कोरडी वाळू

"शेवटची शू कधी केली त्याने?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि ती नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा तिच्याकडे.

प्रश्न अवघड नव्हता. खांद्यावर पेंगणाऱ्या दोन महिन्यांच्या लेकीबद्दल विचारला असता, तर तिने मिनिटासकट सांगितलं असतं. घरी फ्रिजवर कागद चिकटवलेला होता, प्रत्येक ओल्या लंगोटाची एक रेघ; दिवसाकाठी सहाच्या खाली आल्या तर लगेच कळवा, असं नर्सने बजावून ठेवलं होतं. पण टेबलावर पडलेला हा करडा बोका सहा वर्षांचा होता. त्याच्या रेघा कोण ओढणार?

त्याचं नाव ढोल्या. लेक व्हायच्या आधी नवरा पाहुण्यांना त्याची ओळख "आमचे थोरले" अशी करून द्यायचा, आणि थोरले तेवढ्यात सोफ्यावर उताणे पडून पोट दाखवायचे.

दिवस राहिल्यावर मांजराच्या शी-शूच्या वाळूला हात लावू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा वाळूची पेटी नवऱ्याकडे गेली. बाळंतपणानंतर ती पुन्हा कोणाकडे आली, हे बोलायचं राहूनच गेलं. ज्याला आधी वास येई तो उपसे. परवा सकाळी तिने पाहिलं तर वाळू स्वच्छ. कालही स्वच्छ. न सांगता नवऱ्याने केलं म्हणून तिचं मन भरून आलं होतं, आणि महिनाभराचे सगळे रुसवे तिने मनातल्या मनात माफ करून टाकले होते.

"म्हणजे नक्की माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. लघवीची पिशवी दगडासारखी लागत होती.

मग त्या एकेक विचारत गेल्या आणि ती उत्तरं देत गेली. हो, सोमवारी तो बाळाच्या धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसला होता. दुपट्यावर गुलाबीसर थेंब पडला होता. नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली, म्हणाली, थोरल्याला धाकटी खपत नाही ग. तिलाही तेच वाटलं. तिने त्याला एक चापट मारली आणि गॅलरीत कोंडलं. आयुष्यातली पहिली चापट. काल तो पेटीत बसून कुंथत होता, तर पोट साफ होत नसेल म्हणून तिने खाण्यावर चमचाभर तेल घातलं. तो हुंगून निघून गेला.

"कुठल्या एका गोष्टीने होत नाही हे," डॉक्टरबाई रागावल्या नव्हत्या, हेच तिला सोसवेना. "बोक्यांची नळी मुळात अरुंद. त्यात नसबंदीचं ऑपरेशन झालेला, वजन वाढलेलं, घराबाहेर पडणं नाही. नुसते कोरडे दाणे, पाणी कमी. आणि घरात काही बदललं की मांजरं मनाला लावून घेतात. आत सूज येते, बारीक खडे आणि गाळ साचतो, नळीत बूच बसतं."

घरात काय बदललं होतं? पाळण्याला जागा हवी म्हणून पेटी झोपायच्या खोलीतून गॅलरीत गेली होती, कपडे धुवायच्या मशीनला खेटून, आणि मशीन आता दिवसभर धडधडत असे. ढोल्याला भांड्यातलं पाणी चालत नसे, न्हाणीघरातल्या नळाची बारीक धारच लागे. पण तिथे लंगोट भिजत घातलेले, म्हणून दार बंद. गरोदरपणात ओल्या खाण्याच्या वासाने तिला उमासे येत, तेव्हापासून दाणेच, तेही सकाळीच वाटीभर ओतून ठेवायचे, कारण चारदा द्यायला हात रिकामा कुणाचा होता? यातलं काहीही तिने दुष्टाव्याने केलं नव्हतं. सगळं लेकीसाठी केलं होतं. ढोल्याने तक्रार केली ती टोपलीत बसून, आणि त्या तक्रारीला तिने चापटीने उत्तर देऊन टाकलं होतं.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती, हृदय मंदावत चाललं होतं. भूल देऊन नळी घालून बघते, पण आशा धरू नका, असं सांगून डॉक्टरबाई त्याला आत घेऊन गेल्या.

बाहेरच्या बाकावर ती लेकीला पाजायला बसली.

"काल तू सगळी भांडी का घासलीस?" तिने विचारलं.

"तू दोन दिवस पेटी उपसत होतीस म्हणून," नवरा म्हणाला. "मला लाज वाटली."

"मी नाही उपसली," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं, आणि त्याला कळलं. दोन दिवस घरात किती गोड चाललं होतं! चहा विचारून होत होता. आवाज कोणी चढवला नव्हता.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंना काही सांगावं लागलं नाही. नळी गेली होती, गाळ निघाला होता, पण थांबलेलं हृदय पुन्हा सुरू झालं नाही. बघणार का, त्यांनी विचारलं.

लेक नुकतीच छातीशी झोपली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा अशी गाढ. उठलं की जागी होणार. तिने उठायचं ठरवलं, पाय खाली टेकवले, लेकीने ओठ हलवले, आणि ती तशीच बसून राहिली. नवरा एकटा आत गेला. भिंतीपलीकडून तो ढोल्याशी काहीतरी बोलत होता, शब्द कळत नव्हते.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. ढोल्याला ज्यातून आणलं तो पिंजरा रिकामा होता, तरी त्याने तो दोन्ही हातांनी, कुठे धक्का लागू नये असा, जपून धरला होता.