कंबर सहा

लांबी

शेपटी सोडून साडेपाच इंच. डोळे बंद, न कापलेल्या काजांसारखे. मांजरी दुकानासमोरच गाडीखाली गेली, म्हणून मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिचं पिल्लू चिंध्यांच्या खोक्यात ठेवलं आणि मापाच्या वहीत नवीन पान उघडलं.

"नाव काय लिहू?"

"आधी जगू दे," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं : जगू दे.

कंबर

सोमवारी सकाळी साडेचार इंच. दर दोन तासांनी ड्रॉपरने पावडरचं दूध मी पाजायचं, मास्तरांनी मोजायचं. संध्याकाळी सव्वापाच.

"बघ, अंग धरतंय."

मंगळवारी सकाळी सहा. मास्तरांनी सहाखाली दोन रेघा ओढल्या. कुणाची कंबर वाढली म्हणून ते इतके खूश झालेले मी तीस वर्षांत पाहिले नव्हते.

छाती

होती तेवढीच. दोघांच्याही लक्षात आलं नाही. आणि आम्ही शिंपी.

नऊ वाजता त्याने दूध तोंडाबाहेर सोडलं. अकराला तोंडच उघडलं नाही.

बाही

गणिताचे सर कोटाच्या मापाला आले होते. हात आडवे करून उभे. तेवढ्यात मास्तरांच्या आत्या आल्या. पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या. कुणाचंही पोट दाबून बघायला त्यांना परवानगी लागत नाही. पिल्लाचं दाबलं.

"शी कधी केली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"अरे मठ्ठा, हे वाढलेलं नाही, तुंबलंय! एवढ्याशाला आपलं आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होतं."

मास्तर माझ्याकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?"

"चाटू नका कुणी," आत्या म्हणाल्या. "कापूस कोमट पाण्यात बुडव. शेपटीखाली फिरव. हलक्या हाताने, इस्त्री करत नाहीयेस."

मास्तरांनी फिरवला. कापूस तसाच पांढरा. पुन्हा फिरवला. पिल्लाची मान त्यांच्या अंगठ्यावर पडली होती आणि आत्या गप्प झाल्या होत्या. आत्या गप्प झालेल्या मी याआधी एकदाच पाहिल्यात, आमच्याच घरात, माझ्या बाळंतपणात. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

"शिट्टी वाजवून बघा," सर म्हणाले. "आमच्या धाकट्याला लागू पडायची."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. फिरवत राहिले, वाजवत राहिले.

आधी कापूस पिवळा झाला. मग, बऱ्याच वेळाने, उरलेलं.

"झाली!" मास्तर एवढ्याने ओरडले की समोरचा किराणावाला धावत आला.

"काय झालं?"

"शी!" मास्तरांनी कापूस वर धरून दाखवला. किराणावाला परत गेला.

मी ड्रॉपर पुढे केला. पिल्लाने तोंड उघडलं. मास्तरांनी मनगटाने डोळे पुसले आणि टेप उचलली.

"हात खाली करू का?" सरांनी विचारलं.

"थांबा हो. आधी त्याची कंबर."