योजनेतला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. योजनेच्या हिशेबी मात्र मी अंडी देणारी कोंबडी आहे.

गरिबातल्या गरीब घरांना कोंबड्या वाटायच्या होत्या. मी तेव्हा तुरा न फुटलेला, पोरगेला. वाटणाऱ्यानं घाईत खुराड्यात हात घातला आणि तीन तलंगांबरोबर, म्हणजे तरण्या कोंबड्यांबरोबर, मलाही एका पत्र्याच्या खोलीत पोचवलं. तिथं बांधकामावर पाट्या वाहणारी बाई आणि तिची सासू राहत.

एका पहाटे मी बांग ठोकली. कानानं अधू असलेली सासूसुद्धा दचकून उठली. "अगं, ही कोंबडी घसा फाडून ओरडतेय. अंडं अडकलं वाटतं!"

दर आठवड्याला योजनेची ताई यायची, कोंबड्यांची निगा आणि पैशांचा हिशेब शिकवायची. बाई म्हणाली, "ताई, हा बदलून द्या."

"बदलता येत नाही. आणि वर्षभर विकायचा नाही, कापायचा नाही."

सासूनं माझ्यासाठी घासलेलं पातेलं परत फळीवर ठेवलं.

माझ्यामुळं बाई भल्या पहाटे जागी व्हायची. जागी आहेच, तर करायचं काय? तिनं तिघी तलंगांची अंडी उकडली आणि टोपलीतून कामावर नेली. उपाशीपोटी आलेल्या मजुरांनी ती फस्त केली. पुढं पाटी सुटली, बांधकामाच्या फाटकाशी तिची अंड्यांची गाडी उभी राहिली. चूल दोन्ही वेळा पेटू लागली. तिला 'ए' म्हणणारा मुकादम "वहिनी, मीठ जरा जास्त" म्हणू लागला!

वर्ष संपलं, ताईचं येणं थांबलं. मला वाटलं, आता सगळं कोसळणार, आणि पहिला बळी माझा. पण गाडी चालूच राहिली. मीही.

परवा, बऱ्याच वर्षांनी, एक साहेब आले. मदत थांबल्यावर घरं टिकतात की पुन्हा घसरतात, हे त्यांना बघायचं होतं.

"तुम्हाला कशानं तारलं?"

मी खुर्चीच्या पाठीवर चढून मान ताठ केली.

"कोंबड्यांनी," बाई म्हणाली. "आणि ताईनं. चुकलं तरी ओरडायची नाही, पुन्हा सांगायची."

माझं नावच नाही! मी रागानं साहेबांच्या बुटाची नाडी ओढली.

सासूनं संधी साधली. "म्हातारा झालाय मेला. साहेब जेवायला थांबणार असतील तर..."

"आई, याला हात लावायचा नाही."

"अगं, उठवायला फोन आहे की तुझा!"

"फोन आत्ता आलाय. तेव्हा हाच होता."

मी नाडी सोडून दिली.

हल्ली घसा बसलाय. पहाट हुकते, भर दुपारी आरवतो. शेजारी हसतात, हसोत. योजना चालवणाऱ्यांनो, तुम्हाला एकच विनवणी: पक्षी वाटताना चूक झाली तर होऊ द्या, पण घरी येणारी ताई लवकर काढून घेऊ नका. माणसाचा जम बसायला वेळ लागतो.

बरं, ऊन डोक्यावर आलं. कान झाका, आरवतो.