तांब्याची चकती आणि चंपाचा हात

परसूच्या कपाळाला तांब्याची चकती टेकली, गुरुजींनी डोळे मिटले, आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या शेडमध्ये एकदम शांतता पसरली. मग परसू बोलायला लागला. पत्रा दाबून आकार देणारी पॉवर प्रेस कशी चालवायची ते त्यानं एकदाही न अडखळता, शेवटपर्यंत सांगितलं. ज्या परसूला सुपरवायझरचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागायचं, तो हा परसू! टाळ्यांनी छपराचे पत्रे हादरले. पॅकिंगच्या दोन बायकांनी पुढे होऊन चकतीला नमस्कारसुद्धा केला.

"पाहिलंत?" प्राणेश गुरुजी कॉलरला लावलेल्या माइकमधून गरजले. "शाळा सुटली की मेंदूला गंज चढतो. चाळिशीत तर ज्ञाननाडी बंदच! ही चकती मेंदूला झटका देते. क्वांटम झटका! अभ्यास नको, सराव नको, चुकायची भीती नको. आधी स्पर्श, मग मंत्र, मग सिद्धी!"

क्वांटम हा शब्द कुर्ता घातलेल्या माणसाच्या तोंडून आला की माझं डोकं फिरतं. मोठ्या माणसांना नवं काम कसं शिकवावं, कोणती पद्धत टिकते आणि कोणती नुसती छान दिसते, हे तपासणं हाच माझा धंदा. एचएसआर लेआउट या वस्तीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही दिवसभर तेच करतो. इथे मला बोलावलं होतं ते कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे माझ्या विश्वेश्वरमामांनी. कशाला? तर गुरुजींच्या या चमत्काराचे व्हिडिओ धडे बनवायला!

"नयना, तू स्वल्प थांब, आधी सगळं बघ," मामा कानाशी म्हणाले. "आमची माणसं शिकत नव्हती गं. आता बघ, कशी घडाघडा बोलतात."

गुरुजींचा मंत्र म्हणजे प्रेस चालवण्याच्या सूचनाच होत्या, आरतीच्या चालीवर बसवलेल्या. टाळ वाजायचा आणि सगळी शेड एका सुरात म्हणायची:

मेन स्विच लावू, हिरवा दिवा पाहू,
पत्रा आत सरकवू, हात मागे घेऊ,
गार्ड खाली ओढू, पाय पेडलवर देऊ,
पत्रा अडकून बसला तर मेन बंद ठेवू,
आकडी घेऊन हाती, पत्रा ओढून काढू.

सूचना चुकीच्या नव्हत्या, हे मीही कबूल करते. मंत्र चारपाच वेळा म्हणून झाला की गुरुजी एकेकाच्या कपाळाला चकती लावत आणि लगेच विचारत, "सांग, प्रेस कशी चालवायची?" मग तो माणूस पहिल्या ओळीपासून सुरू करून शेवटच्या ओळीला थांबे, आणि टाळ्या पडत.

शेवटी चंपा उठली. निपाणीकडची, पॅकिंगमध्ये वर्षानुवर्षं खोकी बांधणारी. तिनं सगळं म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले. मामांनी तिथंच जाहीर केलं, सोमवारपासून चंपा प्रेसवर. या कारखान्यात प्रेसवर बसणारी ती पहिली बाई होणार होती.

प्रेस क्षणात पत्र्याला आकार देते आणि साच्यात पत्रा आहे की माणसाचं बोट आहे, हे ती पाहत नाही. ही प्रेस जुनी होती, गार्डची जाळी खाली असो वा नसो, पेडलवर पाय पडला की साचा खाली.

मी चंपाला बाहेर गाठलं. "चंपा, अजून थोडा सराव कर. मग बस."

तिचा चेहरा उतरला. "अक्का, शाळेत मला ढ म्हणायचे. मास्तर पाटीसुद्धा बघत नव्हते. आज पहिल्यांदा मला सगळं आलं. तुम्ही तेबी काढून घेताय?"

पण तिला तशीच प्रेसवर बसू देणं शक्य नव्हतं, कारण सोमवारी त्या साच्यापाशी तिचेच हात जाणार होते.

तेवढ्यात मागे कोणीतरी तोच मंत्र गुणगुणत होतं. पाहते तर चहाचे ग्लास विसळणाऱ्या कृष्णाबाई. सगळ्या ओळी, क्रमाने, न चुकता!

"कृष्णाबाई, तुम्हाला चकती कधी लावली?"

"मला कोण लावतंय? दोन दिवस कानावर पडतंय, बसलं तोंडात. गणपतीच्या आरत्या कुठं शिकलो होतो आपण?"

मी मामांना ओढत आणलं आणि ऐकवलं. मामा गोंधळले खरे, पण गुरुजी तयारच होते. "चकतीच्या लहरी भिंतीपलीकडेही जातात," ते हसून म्हणाले. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याचा चमत्कार कामावर तपासावा लागतो. मी मामांकडे तशी परीक्षा मागितली.

"सरी, ठीक आहे," मामा शेवटी म्हणाले. "सोमवारी सगळ्यांसमोर तू चंपाची परीक्षा घे. ती पास झाली तर तू व्हिडिओ करायचे."

सोमवारी सगळे यायच्या आधी मी मामांना वीजफलकाचा मेन बंद करून कुलूप लावायला लावलं. किल्ली मी मुठीत घेतली. प्रेसचं चाक पूर्ण थांबलंय हे पाहिलं आणि साच्याच्या मागच्या अंगाला, साचा खाली येऊ नये म्हणून, समोरून दिसणार नाही असा लोखंडी ठोकळा अडकवला. मग साच्यात एक पत्रा तिरका रुतवून ठेवला. हे मामा आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

चंपा नवी साडी नेसून आली होती. कपाळावर चकतीचा हिरवट डाग अजून होता. गुरुजी जरा लांब, हात जोडून उभे.

"चंपा," मी म्हटलं, "काम चालू आहे आणि पत्रा अडकून बसलाय. आता काय करशील? बोलू नकोस, करून दाखव."

तिनं साच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला उत्तर येत होतं, पण ते मंत्राच्या पार शेपटाशी होतं. तिचे ओठ हलायला लागले आणि तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"मेन स्विच लावू," ती पुटपुटली आणि तिचा उजवा हात प्रेसच्या स्विचकडे गेला. खट्! पुढचे शब्द दिव्याचे. दिवा लागला नाही, पण मंत्र थांबत नव्हता. "पत्रा आत सरकवू..." आणि तिचा डावा हात साच्यात शिरला. मनगटापर्यंत! ती अडकलेला पत्रा आणखी आत ढकलत होती. तोल सावरायला तिनं पाय पुढे घेतला, तो थेट पेडलपाशी.

"चंपे!" परसू ओरडला. कोणीतरी बाई किंचाळली.

किल्ली माझ्या मुठीत होती, तरी मी धावले. मी तिचा हात धरून बाहेर काढला. बोटं थंडगार पडली होती. तिनं ती डोळ्यांपुढे धरली आणि मटकन खाली बसली.

मी कुलपाची किल्ली सगळ्यांना दाखवली. "आज वीज नव्हती. असती तर?"

मी परसूकडे वळले.

"आता दुसरं. परसू, सांग, 'पाय पेडलवर देऊ' याच्या आधी काय करायचं?"

परसू मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून निघाला, ओठ हलत राहिले, आणि मध्येच थबकला. "थांबा, स्वल्प थांबा... पुन्हा म्हणतो."

चमत्कार एवढाच होता. आरतीच्या मधल्या कडव्यातली ओळ एकदम विचारली तर आपण सगळेच सुरुवातीपासून म्हणत येतो. ज्या क्रमाने पाठ केलं त्याच क्रमाने, कानात चाल घुमत असतानाच विचारलं की कोणीही हुशार ठरतो. चकती लावा, नाणं लावा, नाहीतर काहीच लावू नका. पण यंत्र क्रमाने अडत नाही. ते मध्येच अडतं, आणि तेव्हा सुरुवातीपासून म्हणायला वेळ नसतो.

गुरुजी माइक काढत म्हणाले, "पद्धतीत दोष नाही. या बाईची श्रद्धा कमी पडली."

खाली बसलेली चंपा उठली. तिचा आवाज शेडभर ऐकू गेला.

"गुरुजी, श्रद्धा कमी असती तर माझा हात आत गेलाच नसता."

गुरुजींनी चकती खिशात घातली. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा निरोप द्यायला मामासुद्धा उठले नाहीत.

चंपाची प्रेस मात्र मी सुटू दिली नाही. कुलूपबंद यंत्रावर आम्ही रोज काहीतरी बिघडवून ठेवायचो आणि तिला मधूनच विचारायचो, कधी चहा पिताना, कधी मध्ये आठवडाभर जाऊ देऊन. ती चुकायची, चिडायची. "अक्का, यापेक्षा चकती बरी होती की ओ!" म्हणायची. आठवण्यासाठी झगडावं लागतं तेव्हाच शिकलेलं पक्कं होतं, आणि तेव्हाच आपल्याला वाटतं की आपण ढ आहोत. गुरुजींचा सगळा धंदा त्या वाटण्यावर चालतो.

म्हणून वाचकहो, कोणी झटपट ज्ञान देऊ लागलं तर भांडू नका. उद्या विचारा. उलटसुलट विचारा. ज्याला चकती लावली नाही त्यालाही विचारा. एवढ्यानं बहुतेक चमत्कार आटोपतात.

चंपा प्रेसवर बसली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. दुपारी पत्रा खरोखरच अडकला. तिचे ओठ हलले नाहीत. पाय मागे आला, मेन बंद झाला, हात आकडीकडे गेला. पत्रा बाहेर काढून तिनं तो बाजूला टाकला आणि माझ्याकडे वळली.

"अक्का, मग मी ढ न्हाई?"

"नाहीस," मी म्हटलं. "तुला कोणी नीट विचारलंच नव्हतं."