लाटण्यावरची ट्राम

रिक्षा पंचवटी कारंजावर वळली आणि उत्तराने स्वतःलाच चौकात टांगलेलं पाहिलं.

चांगला ऐसपैस फ्लेक्स. मधोमध तिचा लग्नातला फोटो, नथीसकट. ‘जर्मनीतील विद्यापीठात संस्कृतच्या प्राध्यापिकापदी निवड झाल्याबद्दल आपल्या पंचवटीची लेक डॉ. उत्तरा हिचे हार्दिक अभिनंदन! भव्य सत्कार रविवारी सायंकाळी.’ खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, आणि त्यात सगळ्यांत मोठा चेहरा तिच्या धाकट्या भावाचा, मयुरेशचा.

“आई, ती तू आहेस?” साडेतीन वर्षांच्या आभाने विचारलं.

“डोकं आत घे आधी,” उत्तरा म्हणाली.

डॉक्टर ती होती, त्यात खोट नव्हती. लाइपझिगमध्ये राहून तिने जुन्या शैव पोथ्यांवर प्रबंध लिहिला होता. त्या पोथ्या वाचू शकणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांना पगार देणारे त्याहून कमी. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुदत, नवा नकार. आभा झाल्यावर ती टांगती तलवार तिला सोसेना. शेवटी तिने शहरातल्या ट्राम चालवायचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, कायमची नोकरी लागली. फोनवर तिने वडिलांना एवढंच सांगितलं, “नाना, मला कायमचं काम मिळालं.” पुढचं सगळं घराने आपापलं समजून घेतलं. दुरुस्त करायला तिची जीभ रेटली नाही. नानांनी, ढुंढिराजशास्त्र्यांनी, लहानपणी तिला मांडीवर बसवून रूपं घोकून घेतली होती. रामकुंडावर येणाऱ्या प्रत्येक यजमानाला ते विचारलं नसतानाही तिच्याबद्दल सांगत.

रविवारच्या आत त्यांना सांगायला हवं होतं. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी सांगायचं असं ठरवून ती उठली, तर आईने गच्चीवर कुरडयांचा घाट घातलेला. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता. उत्तराचा एक डोळा पातेल्यावर, दुसरा गच्चीच्या कठड्यावर. आभा या दोन्हींपासून किती लांब आहे, एवढंच ती पाहत होती.

आभाने मात्र कोपऱ्यात वेगळाच संसार मांडला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. पहिल्या खुर्चीवर ती स्वतः, एका हातात आजीचं लाटणं, दुसऱ्या हातात देवघरातली घंटा. नाना पूजा आटोपून वर आले तसं तिने त्यांना हुकूम सोडला, “आजोबा, मागे बसा. दार बंद होतंय.”

नाना सोवळ्यातच बसले. “गाडीला चाक नाही वाटतं फिरवायला?”

“ट्रामला चाक नसतं फिरवायला! रूळ असतात ना. हे पुढे ढकललं की जाते, मागे ओढलं की थांबते.” लाटणं पुढे-मागे झालं, घंटा किणकिणली. “माझी आई अशीच चालवते.”

उत्तराच्या हातातला सोऱ्या थांबला.

“कोण चालवते?” नाना म्हणाले.

“आई. पहाटेची पहिली ट्राम आईची असते. बाबा मला शाळेत सोडतात, मग दुपारी आई येऊन झोपते. उतरा आता, शेवटचा स्टॉप आला.”

नाना उतरले नाहीत. त्यांनी मान वळवून उत्तराकडे पाहिलं. “खरं?”

“खरं,” उत्तरा म्हणाली. “प्राध्यापकी नाही मिळाली, नाना. मिळणारही नव्हती.”

“जावई बरे आहेत? विश्वेशराव?”

“बरे आहेत.”

“तुमच्यात काही बिनसलंय?”

“नाही हो.”

“दुखणंबिखणं? तुला, पोरीला?”

“काही नाही, नाना. असं काय विचारताय?”

नानांनी इतका लांब श्वास सोडला की आई चिकातला चाटू तसाच धरून बघत राहिली. “मग इतके महिने माझा जीव का टांगणीला लावलास गं? तिकडच्या यजमानांच्या पूजा फोनवर सांगून सांगून मला तिथली घड्याळं पाठ झालीत. तुझा मेसेज इथे सकाळी येतो तेव्हा तिकडे पहाटेचे चारसुद्धा वाजलेले नसतात. प्राध्यापक का त्या वेळी उठतात? मी म्हटलं, पोरीचं काहीतरी मोडलंय. झोप उडालीय आणि सांगत नाही. हिला बोललो नाही, म्हटलं ही अंथरूण धरेल.”

“मी का धरेन?” आई उसळली. “तुम्हीच रात्रभर कूस बदलत होतात! मला वाटलं, पित्त.”

उत्तराला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. आपण ज्याला भीत होतो ते नानांच्या भीतीच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं.

“पण मग संस्कृतचं काय?” आईने विचारलं. तेवढं मात्र उत्तराला टोचलं.

“येते आठवण. लाल सिग्नलला उभी असले की मनात म्हणते काहीबाही.”

“मीही स्कूटरवर म्हणतोच की,” नाना म्हणाले.

“तुम्ही कधी थांबलात लाल सिग्नलला?” आई म्हणाली.

एवढ्यात मयुरेश वर आला, आणि हकिकत ऐकून मटकन आभाच्या मागच्या खुर्चीवर बसला. “ताई, अख्ख्या चौकाने वाचलंय गं! सत्काराचं काय करू?”

“होऊ दे,” नाना म्हणाले. “प्राध्यापक पैशाला पासरी झालेत. ट्राम चालवणारी बाई पाहिलीय का पंचवटीत कुणी? माईकवर मीच सांगतो. तू फक्त जा आणि ते खोटं खाली उतरव.”

“नवाकोरा फ्लेक्स आहे, नाना.”

“मग इकडेच आण की,” आई म्हणाली. “माझ्या कुरडयांना जागा पुरत नाहीये.”

ऊन चढायच्या आत फ्लेक्स गच्चीवर पसरला गेला. वर आईचं जुनं मलमलीचं पातळ, त्यावर कुरडयांची पांढरीशुभ्र चक्रं. पातळातून नथ अंधूक दिसत होती. नाना आभाला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभे होते, तिला खालच्या रिक्षा दाखवत. उत्तराने एकदा त्या दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. सोऱ्या घेऊन ती फ्लेक्सच्या पलीकडच्या टोकाला निघाली.

“बघून चाल गं,” आई ओरडली. “स्वतःच्याच नाकावर पाय देशील!”