तीन बोटं वर

आमच्या ह्यांचा आणि वन्संचा अबोला चार वर्षांचा. सासरे गेल्यावर स्टुडिओ कोणी चालवायचा यावरून तोंडं फिरली ती फिरलीच. वन्सं एकट्याच स्टुडिओ चालवत राहिल्या, हे दुसरीकडे नोकरीला लागले. हट्टाच्या बाबतीत म्हणाल, तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

शेवटी सासूबाईंनीच दोघांना कोंडीत पकडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी तो सरकवून बजावलं, "माझा एक फोटो काढा. जवळून. दोघांनी मिळून." सासरे जन्मभर त्यांना म्हणत आले, हसू नको, फोटो हलतो. आता त्यांना हसायचं होतं.

वन्संनी सासऱ्यांचा दोन भिंगांचा कॅमेरा आणला. त्याची खोड घरात सगळ्यांना पाठ. बघायचं वरच्या भिंगातून, फोटो काढणार खालचं. लांबून काही बिघडत नाही, पण अगदी जवळून काढला की माणसाचं कपाळ उडतं. म्हणून चेहरा चौकटीत बसवला की कॅमेरा तीन बोटं वर उचलायचा, मगच खटका दाबायचा. लहानपणी वन्सं बघायच्या, हे उचलायचे.

मी दिवा धरून उभी होते. वन्संनी चेहरा चौकटीत गच्च बसवला, स्टँड तीन बोटं वर केला आणि उशामागे जाऊन मास्कची पट्टी सोडवायला वाकल्या. तोवर पाठ फिरवून उभ्या असलेल्या ह्यांनी पुढे होऊन, आत न बघताच, स्टँड तीन बोटं वर केला. मला दोन्ही दिसलं. वाटलं, असंच करत असतील. विचारणार कोणाला, खोलीत कोणी बोलतच नव्हतं.

दोन्ही पोरं एका खोलीत बघून सासूबाई हसल्या. बोळकं पसरून, तोंडभर. खटका वाजला, मास्क परत चढला. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

स्टुडिओच्या टेबलावर ओला फोटो पडला होता. वर भिंत, मग उशी, कपाळ, हसरे डोळे, नाक. तिथे कागद संपला.

"तू उचललास?" वन्संनी विचारलं.

"ते माझंच काम होतं ना, ताई."

"मी आता एकटीच करते रे सगळं."

मला दोघांचा इतका संताप आला, की टेबलावरचा दिवा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. एक शब्द बोलले असते तर काय झिजले असते?

वन्सं कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. त्या उशामागे होत्या, त्यांना आईचं तोंड दिसलंच नव्हतं.

"कशी हसली रे ती?"

ह्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना सांगता येईना.