दोन सीटांची होडी

संडासाचा डबा बरोबर न्यायचा असतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी घराबाहेर पाऊलच टाकलं नसतं. गाइडबाईंनी घट्ट झाकणाचा एक निळा डबा दाखवला आणि शांतपणे सांगितलं की नदीकाठी काही म्हणजे काही मागे सोडायचं नाही, जे काही होईल ते ह्याच्यात, आणि हा डबा शेवटपर्यंत आपल्याबरोबर. मी आ वासून बघत राहिले. आमच्याबरोबर दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको असं एक जोडपं होतं. ती दोघं अशा माना डोलवत होती, जसं काही त्यांच्या घरी रोज हेच चालतं. माझी सून म्हणाली, ठीक आहे. ती सगळ्यालाच ठीक आहे म्हणते. लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकतेय.

खरं तर माझं जायचं ठरलंच नव्हतं. आमच्या चिरंजीवांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी स्वतःचं आणि बायकोचं बुकिंग केलं होतं. कयाकमधून नदी उतरायची, रात्री काठावर तंबूत राहायचं, मोबाइलला रेंज नाही, माणसाचं दर्शन नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्याला सुट्टी म्हणतात का शिक्षा. आणि ऐन वेळी हे महाशय म्हणतात, ऑफिसात काम निघालं, आई, माझ्याऐवजी तू जा. तुला पोहता येतं, तब्येत ठणठणीत आहे, दोघींना जरा एकत्र वेळ मिळेल. मी म्हटलं, एकत्रच तर असतो, एका ओट्यावर. पण तो इतका मागे लागला की मला भरून आलं. मुलाला आपली आई बायकोबरोबर चार दिवस मजेत राहावी असं वाटतं, अजून काय हवं. मी शेजारणीला झाडांना पाणी घालायला किल्ली दिली, सहलवाल्यांच्या ऑफिसचा नंबर दिला, आणि निघाले.

कयाक म्हणजे दोन सीटांची निमुळती रबरी होडी. दोघींनी वल्ही मारायची. पण पुढचीने फक्त ताल धरायचा, होडी कुठे वळायची ते मागची ठरवणार. गाइडबाईंनी मला पुढे बसवलं आणि सुनेला मागे. मी विचारलं, वयाने मोठी मी, अनुभव मला जास्त, मग उलट का नाही? त्या म्हणाल्या, तिचे हात लांब आहेत. हे काय कारण झालं? पण त्या बाईंचे दंड माझ्या मांडीएवढे होते, म्हणून मी वाद घातला नाही.

पहिला दिवस मी सूचना देत काढला. डावीकडे घे, तो दगड बघ, एवढ्या जोरात नको, एवढं हळू नको. मागून उत्तर नाही. पुढे बसलेल्या माणसाला मागचा दिसत नाही ही त्या होडीची मोठी गैरसोय आहे. घरी निदान तोंड बघून कळतं की ऐकलं की नाही. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यांच्यामधून ते हिरवं, बर्फासारखं गार पाणी, आणि अधूनमधून रॅपिड, म्हणजे पाणी दगडांवरून उसळत, फेसाळत खाली जातं ती जागा. पहिल्या रॅपिडला माझी बोबडी वळली. पाणी थेट तोंडावर. मी किंचाळले, डॉक्टरीणबाई हसल्या, आणि होडी आपली सुळकन पार.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलटलो. एक फांदी खाली आली होती आणि मी ती धरली. गाइडबाईंनी सकाळीच बजावलं होतं की फांदीला हात लावायचा नाही, वाकायचं. पण समोर फांदी आली की माणूस धरणारच ना? होडी खालून सरकली आणि मी पाण्यात. थंडीने छातीत श्वास अडकला. पोहणं बिहणं सगळं विसरले. वर आले तेव्हा सुनेने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे दोन्ही मुठींत धरले होते. मला ओढत ओढत ती काठाला लागली. मी धापा टाकत म्हटलं, केवढ्याने ओढलंस, खांदा निखळला असता. ती म्हणाली, ठीक आहे ना आता? आणि वल्हं आणायला परत पाण्यात गेली.

खरा धक्का त्या संध्याकाळी बसला.

गाइडबाईंकडे एक सॅटेलाइट फोन होता, जाड, अँटेनावाला. रोज संध्याकाळी त्या ऑफिसला फोन लावून विचारायच्या की वरच्या धरणातून उद्या किती पाणी सोडणार. ऐकू नीट यायचं नाही म्हणून स्पीकर चालू ठेवायच्या. आम्ही वाळूत बसलो होतो. सून कांदा चिरत होती, डॉक्टर शेगडी पेटवत होता. पाण्याचं बोलणं झालं आणि ऑफिसातली मुलगी म्हणाली, तुमच्यातल्या मोठ्या बाईंसाठी एक निरोप आहे. त्यांच्या शेजारणीचा फोन होता. घरासमोर ट्रक लागलाय, माणसं सामान बाहेर काढतायत. त्यांचे चिरंजीव स्वतः उभे आहेत म्हणून पोलिसांना कळवलं नाही, पण बाईंचा पलंगसुद्धा नेतायत, तेव्हा कानावर घालावं म्हटलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला आधी वाटलं, वाळवी. मग वाटलं, रंगकाम काढलं असेल, आम्ही परत येईपर्यंत घर नवं करून आम्हाला चकित करायचं असेल. खरंच वाटलं मला. मी गाइडबाईंना म्हटलं, मुलाला फोन लावा. त्या म्हणाल्या, हा फोन फक्त अडचणीसाठी आहे. मी म्हटलं, माझा पलंग रस्त्यावर उभा आहे, ह्याहून मोठी अडचण कुठली? त्यांनी लावला, मी हॅलो म्हटलं. स्पीकर तसाच चालू राहिला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आई? तू तिथून कशी बोलतेस?"

"घरासमोर ट्रक कसला आहे?"

त्याने विचारलं, "ती जवळ आहे का?"

"सगळेच जवळ आहेत. बोल."

"मी तिच्यापासून वेगळा होतोय, आई. दुसरं घर घेतलंय भाड्याने. तुम्ही दोघी समोर असताना मला जमलं नसतं. तुझं सामान नेलंय, तुझी खोली लावून ठेवलीय. तिच्या वस्तूंना हात लावला नाही. शेवटच्या दिवशी तुला घ्यायला येतो."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, मी तर वाळूतच बसले होते. माझ्या पोटचा मुलगा. बायकोला सोडतोय ते सोडतोय, वर आम्हा दोघींना रानात धाडून, नदीत लोटून, मागे घर रिकामं करतोय. ते प्रेमाने मागे लागणं, ती काळजी, सगळं नाटक. डॉक्टर पेटलेल्या शेगडीकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला होता.

सून सुरी हातात धरून उठली, फोनजवळ आली. मला वाटलं, आता ही फोडते टाहो. तिने विचारलं, "फ्रिज नेलास का?"

"नाही," तो म्हणाला.

"बरं."

आणि जाऊन उरलेला कांदा चिरायला बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कांद्यात कोणाला काय कळणार.

मी गाइडबाईंना म्हटलं, आत्ताच्या आत्ता आम्हाला बाहेर काढा. त्या म्हणाल्या, काढलं असतं हो, पण दोन्ही बाजूंना कडे आहेत, रस्ता नाही, वाट नाही. बाहेर पडायचं तर नदीनेच, आणि गाडी येते ती शेवटच्या थांब्यावर. म्हणजे घर बुडालं तरी वल्हं मारायचंच. डॉक्टरीणबाईंनी मला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. लोकांना अशा वेळी काय करावं कळत नाही. मी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परत त्याच होडीत. मी पुढे, ती मागे. मला गप्प बसवेना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि माझा सगळा विचार पक्का झाला होता. मी म्हटलं, तू अजिबात काळजी करू नकोस. तो गेला तर गेला, मी त्याच्याकडे जाणार नाही. माझा पलंग मी परत आणवते, बघूच कोण आडवं येतं. आपण दोघी राहू. सकाळचं सगळं मी बघीन, तू निवांत आवरून कामावर जा. तुझी ती खोली आपण बदलून घेऊ, मला खिडकीची बरी पडेल, आणि तुला तसाही उजेडाचा त्रास होतो. तुझे ते गडद पडदे काढूनच टाकू. संध्याकाळी वेळेवर घरी यायचं, एवढं मात्र हवं, आता घरात पुरुषमाणूस नाही. मी बोलत होते आणि मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. पोटच्या मुलाला सोडून सुनेच्या बाजूने उभी राहणारी सासू कुठे बघायला मिळते? मागून फक्त वल्ह्याचा आवाज येत होता. बिचारी धक्क्यातून सावरली नाही, असं मी धरून चालले.

मग शेवटचा रॅपिड आला, सगळ्यांत मोठा. गाइडबाईंची होडी पुढे गेली आणि फेसात दिसेनाशी झाली. माझं वल्हं थांबलं. आणि मागून आवाज आला, मी त्या आवाजात तिला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. "वल्हं मारा. थांबू नका. आता उजवीकडे. बोलू नका, मारा." मी मुकाट्याने मारलं. होडी उभी राहिली, आडवी झाली, भोवऱ्यात गरकन फिरली, पाणी डोक्यावरून गेलं आणि आम्ही खाली संथ पाण्यात होतो. दोघीही शाबूत. मला एवढं प्रेम दाटून आलं तिचं. मी मागे न बघता म्हटलं, बघ, जमतंय की आपल्या दोघींना.

शेवटच्या थांब्यावर गोटे गोटेच होते, आणि त्या गोट्यांवर चिरंजीव उभे. इस्त्रीचा शर्ट, गाडी बाजूला. तीन दिवस आमच्या अंगावर ओले कपडे, आणि हा इस्त्री करून आलाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. होडीतून उतरले ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की तुझ्या घरात मी पाय ठेवणार नाही. भ्याडासारखं पाठीमागून वागलास. मी माझ्या सुनेबरोबर राहणार, आणि माझा पलंग आज संध्याकाळच्या आत जागेवर हवा.

त्याने माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघितलं.

सून होडी वर ओढत होती. तिने दोर सोडला, माझ्याजवळ आली. माझ्या जॅकेटचा बंद ओला होऊन घट्ट बसला होता, तो सोडवायला लागली. सोडवता सोडवताच म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्याकडे जा."

मी म्हटलं, वेडी आहेस का, एकटी कशी राहशील?

"राहीन." बंद सुटला. "काल तो फोनवर म्हणाला ना, तुमचं सामान नेलं, तुमची खोली लावली. तेव्हा मला बरं वाटलं. नवरा गेला, त्याचं रडू नंतर आलं. आधी ते बरं वाटलं. मला खोटं बोलायचं नाही तुमच्याशी."

आवाज चढवला नाही तिने. राग असता तर मी उत्तर दिलं असतं, रागाला उत्तर द्यायला मला कधी शिकवावं लागलं नाही. तिने जॅकेट माझ्या अंगातून काढलं, नीट घडी घालून गाइडबाईंकडे दिलं आणि सामान उतरवायला गेली. मला हुंदका आला, सगळ्यांदेखत आला. मी काय वाईट केलं हिचं? रोज सकाळी हिच्याआधी उठले, घर एका हाती सांभाळलं, तिला कशात म्हणून पडू दिलं नाही. मला वाटलं, आता कोणीतरी तिला म्हणेल, अगं, मोठ्या माणसाशी असं बोलतात का.

मी गाइडबाईंकडे बघितलं, त्या दोर गुंडाळत होत्या. डॉक्टरीणबाईंनी नजर चुकवली. कालपर्यंत बिस्किटं भरवत होती ती बाई. मग मी चिरंजीवांकडे वळले, म्हटलं निदान हा तरी चकित झाला असेल. तो माझी पिशवी उचलून गाडीचं दार उघडत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. त्या सगळ्या काठावर धक्का बसलेली मी एकटीच होते.